उरलेला घोट

मी एक जुनी विहीर आहे. हसू नका मित्रांनो, पण विहीर असूनही मला आभाळ दिसत नाही! माझ्या डोक्यावर दगडी झाकण, झाकणावर फरशी आणि फरशीवर शिवणकामाचं दुकान. दिवसभर मशीनची खडखड ऐकायची, हाच काय तो माझा विरंगुळा.

पण माझेही दिवस होते बरं का! समुद्र माझा अगदी सख्खा शेजारी, तरी त्याचा खारटपणा मी कधी उंबरठ्याच्या आत येऊ दिला नाही. माझं पाणी गोड, म्हणून लोकांनी मला पवित्र ठरवलं. बोटीवर निघणारा प्रत्येक जण माझ्या पाण्याची बाटली भरून नेई. कितीही तहान लागली तरी तळाशी घोटभर राखायचं आणि परतल्यावर ते माझ्यात ओतायचं, असा नेम होता. वरून पाणी पडलं की मला कळे, कुणाचा तरी माणूस सुखरूप पोचला. मग त्याची आई कठड्यावर बसून मनसोक्त रडे आणि वर त्यालाच ओरडे.

पुढे घरोघरी नळ आले. तोटी फिरवली की पाणी. मग माझा दोर ओढायला कुणाचे हात शिवशिवणार? एक दिवस मला झाकून टाकलं. काही बोटी अजून समुद्रावर आहेत, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला ओळखणारे एकेक करून गेले. मी मात्र अंधारात कान देऊन बसले.

परवा दुकानात एक म्हातारा खलाशी आला. त्याने विहिरीचा पत्ता विचारला, तसं माझं पाणी थरारलं. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलंसुद्धा नाही.

“काका, इथे कपडे शिवतात, विहिरी नाही.”

सगळ्या गल्ल्यांत लोक असेच हसले, असं तो म्हणाला. त्याचा थोरला भाऊ परमुलखात वारला होता. जाताना त्याने आपली बाटली धाकट्याच्या हाती दिली होती.

“तापाने फणफणला होता, तरी दादाने ह्या घोटाला तोंड लावलं नाही. आता हे मोरीत ओतू का, पोरी?”

मशीन थांबलं. मी इथेच आहे, असं मला जिवाच्या आकांताने ओरडायचं होतं. पण विहिरीला स्वतःचा आवाज नसतो. तिला कुणी हाक मारली, तरच ती ओ देते.

कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे बघत बाई म्हणाल्या, “त्या कोपऱ्यात ठेवलेलं कापड कायम ओलसर होतं. मी आपली गवंड्याला शिव्या घालत आले.”

दोघांनी मिळून कोपऱ्यातली ट्रंक सरकवली. दुकानातलं मांजर लगेच त्या गार फरशीवर पसरलं. त्याला उचलून बाजूला करावं लागलं. मग खलाशाने फरशीच्या फटीत थेंब थेंब पाणी सोडलं.

“पोचलास रे, दादा,” तो म्हणाला.

वाटेत माती होती, दगडाची भेग होती. कितीतरी वेळ काहीच आलं नाही. आणि मग, टप्प.

मी ओ दिली. वर ती ऐकू गेली की नाही, कोण जाणे. पण ट्रंक पुन्हा त्या कोपऱ्यात आली नाही.

मित्रांनो, एखादी जुनी विहीर झाकायचीच असेल तर झाका. फक्त त्याआधी वाकून तिला एकदा विचारा, “कुणी यायचं राहिलंय?” ती तुमचेच शब्द परत पाठवेल. तेच तिचं उत्तर समजा.