कार्बनची नळी

माझ्या नवऱ्याचं डोकं एकदा कॅटलॉगमध्ये शिरलं की ते बाहेर काढणं कुणाच्या बापाला जमत नाही. या वेळचा कॅटलॉग रायफलच्या नळ्यांचा होता. आमची सोळा वर्षांची स्वरा इथे कुवेतमधल्या क्लबात रायफल शूटिंग करते, आणि दसऱ्यानंतर तिच्या गोळ्या कागदभर विखरायला लागल्या होत्या. पुढच्या महिन्यात टीमची निवड. सुयोग इंजिनियर माणूस, त्याने लगेच दोन निष्कर्ष काढले. पोरीचं लक्ष नाही, आणि नळी झिजली. लक्ष यावं म्हणून त्याने तिचा फोन कपाटात टाकला, आणि मैत्रिणीबरोबर, हिनाबरोबर, खैरानला समुद्रकाठच्या शॅलेवर सुट्टीला जायचं ठरलं होतं तेही रद्द केलं. नळीसाठी त्याला कार्बन फायबर हवं होतं.

"हलकी असते, लवकर थंड होते. वर्ल्ड क्लास!" तो जेवताना वाचून दाखवत होता. किंमत ऐकून मी हातातला घास परत ताटात ठेवला. मागवायची तर क्लबमार्फत, म्हणून गुरुवारपर्यंत होकार कळवायचा होता.

मी स्वराच्या कोचना, शरीफामॅडमना, फोन केला. बाई कुवेती, बोलायला सडेतोड.

"कार्बन बाहेरून गुंडाळलेला असतो," त्या म्हणाल्या. "आत स्टीलच. गोळी त्या स्टीलमधूनच जाते. रायफल उचलून पोरगी दमत असेल तर घ्या. दमते का?"

"नाही."

"मग कशाला? आहे तीच नळी नीट साफ करायला सांगा."

साफ! स्वरा तर रोज साफ करत होती. गोळ्या जितक्या विखरायच्या तितकी ही नळी घासायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी विखरायच्या. मी हे सगळं सुयोगला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडमना काय जातंय? फडकी पिवळी निघतायत, मी स्वतः पाहिलंय. आतून झिजल्याशिवाय पिवळं येईल का?"

मंगळवारी स्वरा क्लबातून आली ती डोळे सुजवून.

"आय ॲम जस्ट नॉट गुड, आई," ती म्हणाली. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच आहे. "मेबी आय शुड क्विट."

"नळी येऊ दे," सुयोग मान वर न करता म्हणाला, "मग बघू तुझी कारणं."

हातातला डाव फेकून मारावासा वाटला मला. चार वर्षं पहाटे उठून घाम गाळणारी पोर ती. कारणं म्हणे!

बुधवारी तिची ट्रॅकपँट धुवायला घेतली. मांडीवर पिवळी बोटं पुसलेली होती. मी साबण लावला आणि डाग लालभडक झाला. साबण लागला की लाल होणारा पिवळा डाग जगात एकच, आणि तो मी लग्नापासून ओट्यापाशी धुतेय. हळद.

तशीच ओल्या हातांनी स्वराच्या खोलीत गेले आणि बॅग उपसली. रायफल क्लबातच कुलपात असते, घरी येते ती फक्त सफाईची डबी. खंडेनवमीला सुयोग घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करतो. लॅपटॉप, गाडी, मिक्सर, काही सुटत नाही. यंदा म्हणाला, पोरीचं शस्त्र घरी येत नाही तर निदान त्याची डबी तरी पुजू. स्वरा शाळेत होती. त्याने डबी पाटावर उघडी ठेवली आणि सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी फूल उचललं, झाकण लावलं आणि डबी पुन्हा तिच्या बॅगेत.

आता ती उघडली तर ब्रशच्या तारांत तेलात कालवलेली हळद, फडक्यांच्या तळाशी हळद, आणि कोपऱ्यात चिकटलेले अक्षतांचे दोन दाणे. माझी पोर रोज हे नळीतून ओढत होती. स्वतःला नालायक समजून आणखी जोरात ओढत होती.

मी ती डबी सुयोगच्या लॅपटॉपवर आदळली. स्वराही मागोमाग येऊन दारात उभी राहिली.

"बघ. ही तुझी झीज."

त्याने ब्रश नाकाशी नेला, बोटाने चोळला. आणि मग हसला. हसला!

"अरेच्चा! म्हणजे नळी चांगली आहे की!"

"आणि पोरगी?" मी ओरडलेच.

त्याने उठून कपाटातून फोन काढला आणि स्वरापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

"बरं, ऐक," तो तिला म्हणाला. "कार्बनची घेऊनच टाकू. हलकी तर हलकी. बाबांकडून गिफ्ट."

"बाबा, मला नळी नको," स्वरा म्हणाली. स्वच्छ मराठीत. "तुम्ही फक्त 'माझं चुकलं' असं म्हणा."

"अगं, मी पूजाच केली ना? तुझ्या चांगल्यासाठीच..."

"पूजेबद्दल नाही. तुम्ही मला जे बोललात त्याबद्दल."

तो लॅपटॉपकडे बघायला लागला. एवढी महागडी वस्तू घ्यायला उतावीळ झालेला माणूस, आणि दोन शब्द तोंडातून निघेनात. स्वराने थोडी वाट पाहिली, मग आत जाऊन दार लावून घेतलं.

"मग उद्या क्लबला काय कळवू?" सुयोगने मला हळूच विचारलं.

मी ती डबी त्याच्या हातात कोंबली. "आधी हे धू. साबणाने. मग तिचं दार वाजव."

तो बेसिनपाशी गेला. नळ सुरू झाला, लाल पाणी वाहायला लागलं. ब्रश कधीच स्वच्छ झाला असेल, तरी तो घासतोच आहे. दार वाजल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.