‘पाहिलं’ नावाचं बटण

मी एक जुना संगणक आहे आणि सध्या फार वैतागलेलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात म्हणे. मी टाकणार नाही. माझा पंखा मुळातच घरघरतो, त्याला कुणी उसासा समजलं तर माझा इलाज नाही.

माझी उमेदीची वर्षं एका हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीत गेली. पुढे नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली, तुटक्या चाकांच्या खुर्च्यांशेजारी. तिथून मला ताईंनी उचललं. ताई म्हणजे हॉस्पिटलमधल्या साऱ्या संगणकांची आणि त्यांना जोडणाऱ्या तारांची देखभाल करणाऱ्या इंजिनिअर. त्यांनी माझ्यातली धूळ ब्रशने काढली आणि माझ्यात एक मुक्त सॉफ्टवेअर घातलं. मुक्त म्हणजे ज्याची आतली रचना कुणालाही उघडून बघता येते, सुधारता येते आणि ज्याला पैसे पडत नाहीत. ठिकठिकाणच्या अनोळखी माणसांनी मिळून ते लिहिलं आहे. त्यातली एक चूक खुद्द ताईंनी शोधली आणि दुरुस्त करून सगळ्यांसाठी पाठवून दिली. त्या दिवशी मला भारी ऐट आली होती.

माझं काम राखणदाराचं. वर्गात बाई हजेरी घेतात ना, तशी मी हॉस्पिटलमधल्या प्रत्येक यंत्राची हजेरी घेतो. आहेस का? अंग तापलंय का? पोट गच्च भरलंय का? सगळं ठीक असेल तर माझ्या पडद्यावर हिरवा ठिपका. काही बिनसलं की लाल ठिपका, एक घंटी आणि ताईंच्या फोनवर निरोप.

सुरुवातीला माझं काय कौतुक झालं! मुलांच्या वॉर्डातले संगणक रोज दुपारी जेवणाच्या वेळी बंद पडत आणि कुणाला कारण सापडत नव्हतं. मी रोज त्याच वेळी लाल ठिपका दाखवला, तेव्हा ताई वेळ साधून वॉर्डात जाऊन उभ्या राहिल्या. तिथल्या मावशी संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या डबीचा प्लग काढून डबे गरम करायची शेगडी लावत होत्या.

“अगं बाई, मला वाटलं ते डासांचं यंत्र आहे!” मावशी म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस त्या येता-जाता माझ्यावरून फडकं फिरवत आणि “चुगलखोर मेला” असं लाडाने म्हणत.

मग ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी आले दाजी, आणि माझे निरोप त्यांच्या फोनवर जाऊ लागले. ते हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांच्या बहिणीचे यजमान, म्हणून सारं हॉस्पिटल त्यांना दाजीच म्हणायचं. माणूस दिलखुलास होता. चहा पाजायचे, जोक सांगायचे. ताईंनी त्यांना माझ्यासमोर बसवून सगळं समजावलं होतं.

“दाजी, हे ‘पाहिलं’चं बटण नीट लक्षात ठेवा. ते दाबलं की हा समजतो, कुणीतरी काम हातात घेतलंय. मग हा त्या बिघाडाबद्दल तोंड उघडत नाही. म्हणून आधी काम, मग बटण.”

“कळलं हो ताई. तुम्ही बाळाकडे बघा, मी याच्याकडे बघतो.”

बघतो म्हणे! पहिल्याच आठवड्यात साहेब आत आले आणि पडद्याकडे बघून त्यांचा पारा चढला. “दाजी, हे लाल काय दिसतंय? बाहेरची माणसं येतात इथे. मला सगळं हिरवं पाहिजे.” दाजींनी ‘पाहिलं’ दाबलं. लाल ठिपका फिका पडून कोपऱ्यात गेला. साहेब खूश, दाजी खूश. तेव्हापासून दाजींना ते बटण म्हणजे रामबाण औषधच सापडलं. मी घंटी वाजवायची आणि त्यांनी चहाचा कप न ठेवता डाव्या हाताने बटण दाबायचं.

माझा किती संताप झाला म्हणून सांगू! बोंब मारायला ठेवलेल्याच्या तोंडावर रोज हात ठेवायचा, आणि वर म्हणायचं, “फुकटचं आहे ना, म्हणून एवढी कटकट करतं.”

याच दिवसांत फोटोंच्या सर्व्हरची तब्येत बिघडली. सर्व्हर म्हणजे सगळ्यांसाठी राबणारा मोठा संगणक. पेशंटांचे सारे एक्स-रे त्याच्याकडे असत, आणि ते तो दोन डिस्कवर सारखेच लिहून ठेवी, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्यातली एक गेली. मी घंटी वाजवली. पाहिलं. त्या फोटोंची आणखी एक प्रत रोज दुसऱ्या खोलीतल्या यंत्रावर जायची, ते यंत्र भरलं आणि प्रत जायची थांबली. मी पुन्हा घंटी वाजवली. पाहिलं! आता सगळ्या हॉस्पिटलचे फोटो एकाच म्हाताऱ्या डिस्कच्या भरवशावर होते, हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मला बोलायची बंदी होती.

एका सकाळी तीही डिस्क गेली.

आमच्या खोलीसमोर व्हरांड्यात एक बाक आहे. त्यावर एक शिंपीकाका आपल्या मुलीला घेऊन बसले होते. तिला ते चिमणी म्हणत. चिमणीच्या पाठीचा कणा वाढत्या वयात एका बाजूला वाकत चालला होता आणि त्या दिवशी तिचं ऑपरेशन होतं. मुलगी सकाळपासून उपाशी होती. इतक्यात सर्जनबाई तरातरा आमच्या खोलीत आल्या.

“हिचे जुने एक्स-रे कुठे आहेत? कणा किती वेगाने वाकतोय ते त्यांच्यावरूनच मोजायचंय मला.”

दाजी चाचरले. “मॅडम, सर्व्हर बसलाय. नवा फोटो काढून घेऊ ना लगेच.”

“नवा काढाल हो! पण गेल्या वर्षीचा कणा कुठून आणणार?”

ऑपरेशन पुढे ढकललं. चिमणीने वडिलांना विचारलं, “बाबा, आता मी खाऊ का?” शिंपीकाकांनी मान हलवली, पण त्यांना पिशवीतला डबा काही केल्या उघडेना. मित्रांनो, मला हात असते तर मी तो उघडून दिला असता.

मोठे साहेब धावत आले आणि सरळ माझ्यावर घसरले. “हे फुकटचं सॉफ्टवेअर! एक सूचना दिली नाही याने. फेकून द्या हा डबा!”

तेव्हा दाजी उठले. “त्याने सांगितलं होतं, साहेब. परत परत सांगितलं. मीच नुसतं बटण दाबत राहिलो.” मग ते व्हरांड्यात गेले आणि शिंपीकाकांपुढे हात जोडून तेच म्हणाले. काकांनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, “पहिल्या एक्स-रेची फिल्म घरी गादीखाली आहे. दुमडलीय थोडी. चालेल का?”

चालली. तिच्यावरून मोजून नंतर चिमणीचं ऑपरेशन झालं आणि ती सरळ उभी राहिली. पण सगळ्यांच्या घरी गादीखाली फिल्म नसते. बाकीच्यांचे फोटो गेले ते गेलेच.

आता खोलीत नवी महागडी यंत्रणा आली आहे. तिचा पडदा भिंतभर आहे. मला टेबलाखाली ढकललंय, पण माझी हजेरी घेणं चालूच आहे. काल दाजी चहा सोडून तारा तपासत फिरत होते, तेव्हा त्या पडद्यावर पहिला लाल ठिपका उमटला. तेवढ्यात मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आत आले. “एक मिनिट हं,” असं म्हणून त्यांनी हसतहसत स्वतःच ‘पाहिलं’ दाबलं. मी टेबलाखालून माझी जुनी घंटी वाजवली. साहेबांनी वाकून माझ्या घंटीची तार उपटली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरी आजी म्हणाली की गुडघा दुखतोय, तर “हो, ऐकलं” म्हणून खेळायला पळू नका. तिच्याजवळ बसा, कुठे दुखतंय ते विचारा. आणि या हॉस्पिटलात कधी आलात, तर दाजींना जरा हाक मारा. तो लाल ठिपका फोटोंच्या सर्व्हरचा आहे.