तांब्याभर पाण्यानं धुतलेला पंप

धोंडिरामतात्या कीर्तनाला उशिरा आलेले कुंडल गावात कुणी बघितले नव्हते. टाळकऱ्यांत पहिल्या रांगेतली, बुवांच्या उजव्या हाताची जागा त्यांची. शिवरात्रीच्या सप्ताहातला तो दिवस मात्र सकाळपासनंच वाकडा निघाला. मोटारीचा फ्यूज दोनदा गेला, ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडलेल्या, आणि उसातल्या तणावर औषध मारून होईतो दिवस कलला. देवळातला मृदंग घुमला तसा तात्यांनी पाठीवरचा पंप उतरवला, तांब्याभर पाणी आत खळबळवून ओतून दिलं आणि टोपी झटकत निघाले. तणनाशकाचा पंप सोडा घालून तीनदा धुवावा, हे आजवर तेच गावाला सांगत आले होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुक्ताबाई बांधावर आल्या. "तात्या, पंप देता का? दोडक्यावर निंबोळीचं पाणी मारायचंय."

"न्या की," तात्या म्हणाले. मन अजून कालच्या निरूपणातच होतं.

मुक्ताबाईंचा तुकडा पाच गुंठ्यांचा. यंदा त्यातला दोडका नव्या सुनेनं, अंकितानं, हौसेनं लावला होता. वेल मांडवाला हात घालायच्या बेतात होते. आठव्या दिवशी मुक्ताबाईंनी तात्यांना हाक मारली. शेंडे पिळवटलेले, पानं दोऱ्यासारखी बारीक, देठ उलटे वळलेले. तात्यांनी एकच पान हातात घेतलं आणि तांब्याभर पाण्यानं धुतलेला पंप त्यांना आठवला. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला हे कळायला चष्मा लागत न्हाई.

"निंबोळी दाट झाली असंल का वं?" मुक्ताबाईंनी विचारलं. "पाणी अंकीनं कालवलं हुतं."

अंकिता तिथंच वाफ्यात खुरपं धरून उभी होती.

"असंल," तात्या म्हणाले. "माप चुकलं की असं हुतंय."

एवढंच. पण मुक्ताबाईंना पुरलं. "तरी मी म्हणत हुते, शाळेत शिकल्यालं मातीत चालत न्हाई. आजपासनं तू चुलीकडं बघ गं बाई. वाफ्यात पाय ठेवू नगंस." अंकितानं खुरपं बांधावर ठेवलं आणि मान खाली घालून ती घराकडं गेली.

सप्ताह सरला तरी बुवा गावातच होते; त्या संध्याकाळी देवळात ते नामाचा महिमा सांगत होते. तात्यांच्या हातातला टाळ दोनदा चुकला. शेजारच्या लालासाहेबानं कोपरखळी मारली, "तात्या, आज भांग घेतलीया काय?" तात्या हसले न्हाईत. मुखात विठ्ठल आणि एका पोरीच्या माथी आपलं पाप, हे दोन्ही एका तोंडात मावेना. पुढचे चार दिवस ते बांधाकडं फिरकलेच न्हाईत. पाचव्या दिवशी सकाळी पूजा अर्धी टाकून उठले.

मुक्ताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. तात्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: उसातलं औषध, तांब्याभर पाणी, कीर्तनाची घाई.

मुक्ताबाईंनी खडा बाजूला टाकला. "मला कशापायी सांगताय? बोल तिला बसल्यात. तिलाच सांगा."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तात्या अडखळले. सत्तरीच्या माणसानं नातीच्या वयाच्या पोरीपुढं काय म्हणून उभं राहावं? "पोरी, तुझं माप बरोबर हुतं. पंप मी धुतला न्हवता."

अंकितानं तव्यावरची भाकरी उलटली. "ठावं हाय मला, तात्या. परत द्यायच्या आधी सोडा घालून तीनदा धुतला, तवा औषधाचा वास आला."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तुमी देवळात टाळ धरता," ती सरळ म्हणाली. "मी येऊन सा महिनं झालं. कुणी ऐकलं असतं माझं?"

यात रागही नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तात्यांना वाटलं. त्यांची मान वर होईना.

मागं मुक्ताबाई सूप घेऊन केव्हा येऊन उभ्या राहिल्या, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या सुनेकडं बघत होत्या, पण बोलल्या तात्यांशी. "मी तरी कुठं इचारलं तिला?" मग सुनेला, "अंके, उरल्यालं बी हाय न्हवं? उद्या तूच लाव. आन् तात्यांना च्या टाक."

नको म्हणायचं तोंड तात्यांना उरलं नव्हतं. ते भिंतीला टेकून खालीच बसले. अंकितानं कपबशी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उचलली आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.