बारावी ओळ

बाराव्या ओळीवरची रेघ पट्टी धरून मारलेली होती. दोन्ही टोकांना सारखीच जाड. घाईत खोडणारा माणूस पट्टी शोधत नाही. सुमतीने मांडीवरची फाईल मिटली.

"खडवलीकडच्या गावांची माहिती तूच आणलीस ना?" ठाण्याच्या कचेरीचे प्रमुख हरिहरपंत गुणाजीला विचारत होते.

"व्हय सायेब. पायी फिरून."

"मग त्यात राब का नाही?"

"मी लिवला व्हता. कागूद काढा, दिसंल."

"कागद सापडत नाही."

"उंदरानं नेला म्हनता? कपाटाला तं तीन कुलपं हायेत."

टायपिस्ट हसला आणि लगेच खोकला.

छप्पन साली त्या गावांचं गणित सुमतीने मांडलं होतं. कशाला किती जमीन दिली तर उत्पन्न सर्वांत जास्त येईल, हा प्रश्न. जमीन, बैल, माणसं; प्रत्येक अटीची एक ओळ. हाताने फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रावर एकेक फेरी सोडवायला आठवडा जाई. अकरा ओळींचं उत्तर वरच्यांना हवं तसं आलं: भात न पिकणाऱ्या वरकस माळावरचं सगळं गवत मुंबईच्या तबेल्यांना विका. गुणाजीची बारावी ओळ धरली की निम्मं गवत गावातच राही. ते पालापाचोळ्यासकट वाफ्यावर पसरून जाळायचं आणि त्या राखेत भाताची रोपं करायची. तोच राब.

खात्री करायला सुमती स्वतः खडवलीला गेली होती. तिथली शेतकरीण ठमाबाई वाफ्यावर पाला पसरत होती. मान वर न करता म्हणाली, "राब नाय तं भात काय तुज्या कागदावं उगवंल, बाय?"

"राब ही सवय आहे, अट नव्हे," हरिहरपंतांनी निकाल दिला होता. सुमतीला नोकरीत कायम करण्याचा कागद तेव्हा त्यांच्याच टेबलावर होता. तिने पट्टी घेतली.

माळ ठेकेदारांकडे गेले. दोन पावसाळे रोपं पिवळी पडली, भात निम्म्यावर आला, आणि आता वरून जाब विचारणारं पत्र आलं होतं. ठमाबाई आता कळव्याच्या मिठागरात मीठ ओढते, हे गुणाजीनेच सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हे, बातमी म्हणून. त्यानंतर सुमतीने दोनदा ती फाईल हरिहरपंतांच्या दारापर्यंत नेली होती. दोन्ही वेळा परत आणली.

"घ्या लिहून," हरिहरपंत टायपिस्टला म्हणाले. "'सदर कर्मचाऱ्याने माहिती अर्धवट आणली, सबब त्यास कामावरून कमी करावे.' खाली सुमतीबाईंची सही. पडताळणी केल्याची."

गुणाजी तिच्याकडे वळला. "बाय, तुमी तं वाचला व्हता ना?"

टाइपरायटरचा खडखडाट सुरू झाला. सुमतीने फाईल उघडून त्या खोडलेल्या ओळीचा कागद टेबलावर ठेवला आणि त्याची घडी तळव्याने सपाट केली.

"थांबवा ते," ती म्हणाली. आवाज फार बारीक निघाला, म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली. "थांबवा. बारावी ओळ यांनी आणली होती. गाळायला तुम्ही सांगितलंत. खोडली मी. हे असंच लिहा, मी सही करते."