संमतीचं बटण

“दळण दळिते, पहाट पिठाची पांढरी,
लेक शाळेला निघाली, पाटी तिच्या खांद्यावरी...”

भंडाऱ्याच्या घरी, जात्यापाशी, मैत्रीनं आजीची ही ओवी ऐकली तेव्हा ती सहा वर्षांची होती. आजी गेली, आणि तिची लेक, म्हणजे मैत्रीची आई चंदा, हिच्या फोनमध्ये आजीच्या चाळीस ओव्या तेवढ्या उरल्या. आता एका गाण्यांच्या ॲपनं तोच आवाज यंत्राला शिकवून मसाल्याच्या जाहिरातीत घातला होता. जन्मभर मराठीतच बोललेली आजी हिंदीत लाडानं म्हणत होती, “बहू, बस एक चम्मच!”

हे थांबणार की नाही, ते आज ठरायचं होतं. गुरुग्रामला अठराव्या मजल्यावर कंपनीचा वकील अंशुमन चंदा आणि मैत्रीच्या समोर बसला होता.

“मैडम, आपका फ़ोन, आपकी जन्मतिथि. शर्तें मंज़ूर कीं, तभी अपलोड हुआ. आवाज़ का पूरा हक़ हमारा. पढ़ा नहीं था?”

चंदाची मान खाली गेली. आई जन्मभर कागदांवर अंगठा उठवत आली, म्हणून सरकारी कचेरीत पंचवीस वर्षं चंदानं एकाही कागदावर न वाचता सही केली नव्हती.

“माझाच हात लागला असेल,” ती पुटपुटली. पोळ्या लाटताना, मेट्रोत, सहा महिने हेच चाललं होतं तिचं.

“नीट आठवा, चंदाताई,” मायलेकींची वकील रेवती हळूच म्हणाली. “बटण दाबणारं अठराच्या आतलं असतं, तर हा करार उभाच राहिला नसता. पण जन्मतारीख तुमची आहे.”

“नाही हो आठवत. म्हातारी झाले, दुसरं काय!”

मैत्री पाण्याच्या ग्लासकडे बघत राहिली.

अंशुमननं कागद पुढे सरकवला. “तो लिख दीजिए कि अपलोड आपने किया. बात ख़त्म.”

चंदानं चष्मा लावला. ओळ न् ओळ वाचली. पेनाचं टोपण काढलं.

“आई, थांब.”

“आता काय गं?”

“मी केलं ते. दहावीत होते. हा आवाज घराबाहेर जायचा नाही, म्हणाली होतीस ना तू? तू आंघोळीला गेलीस आणि मी फोन घेतला. वर्गातल्या मुलींना ऐकवायचं होतं. वय कमी पडत होतं, म्हणून तुझी तारीख टाकली.” तिनं आईच्या हातातलं पेन धरलं. “तू रोज स्वतःला बोल लावत होतीस, आणि मी ऐकत होते, आई.”