बर्फाचा महिना

बडोद्याची माणसं परदेशी फिरायला जातात ती दिवाळीत, नाहीतर मे महिन्यात. शाळांना सुट्टी असते, दुकान बंद ठेवता येतं, आणि शेजारीही गेलेले असल्यामुळे घरी राहिलं तर रुबाब दाखवायला कुणी उरत नाही. आल्प्समधल्या बर्फाला हे कुणी कळवलेलं नसावं. दिवाळीत तो आलेला नसतो आणि मे महिन्यात निघून गेलेला असतो.

येसूबाई मान्यांना हे रावपुऱ्यातल्या प्रवास कंपनीत कळलं नाही. तिथे ते कुणाला कळू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली होती.

"मासी, मेमां तो मज्जा ज मज्जा!" मालक आनंदभाई म्हणाले. "रोपवेनं वर जायचं, बर्फात फोटो काढायचा, खाली आलात की आपला महाराज गरम रोटली वाढणार."

"फोटो नकोय मला. मला स्की शिकायचंय."

आनंदभाईंनी आधी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मग सोबत आलेल्या मुलाकडे, गजेंद्रकडे. गिऱ्हाईक कोण आणि शब्द कुणाचा चालतो, हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. त्या दिवशी मात्र अंदाज चुकला. ते गजेंद्रशीच बोलत राहिले आणि येसूबाई उठून जिना उतरल्या.

येसूबाईंनी निवृत्तीपर्यंत मुलींच्या शाळेत खेळ शिकवले होते. जे मैदान आपण पाहिलं नाही त्यावर मुली उतरवायच्या नाहीत, हा त्यांचा खाक्या. घरी आल्यावर त्यांनी आनंदभाईंच्या सहलीतल्या आल्प्समधल्या गावाचीच वेबसाइट उघडली आणि कोणत्या महिन्यात तिथे काय असतं ते नीट वाचून काढलं. रात्री अकोटा भागातल्या त्यांच्या घरात पिठलं-भाकरीबरोबर तेच वाढलं गेलं.

"डिसेंबरात बर्फ येतो, पण भरवशाचा नाही. जानेवारीत थंडी कडाक्याची, दिवस लहान, पण बर्फ कोरडा, पिठासारखा. फेब्रुवारीत थर सगळ्यांत जाड. मार्चमध्ये सकाळी काच आणि दुपारी खिचडी. एप्रिलात गाशा गुंडाळतात."

"आणि मे?" गजेंद्रनं विचारलं.

"चिखल. वर उंचावर थोडा शिल्लक असतो, तुझ्या आनंदभाईंच्या फोटोपुरता."

"मग फेब्रुवारीत जा," प्रतापराव उदारपणे म्हणाले. नवऱ्याचा उदारपणा कुठे खर्च होतो हे येसूबाईंना पाठ होतं. फेब्रुवारीत पादरा गावी त्यांच्याच भाचीचं लग्न होतं आणि मामीशिवाय तिथलं पान हलणार नव्हतं. मार्चमध्ये नातवाची दहावी.

"म्हणजे जानेवारी," येसूबाई म्हणाल्या.

जेवणाऱ्यांचे हात थांबले. आणि मग घरातला जो तो हवामानखात्यात नोकरीला लागला. उणे दहा म्हणजे काय चेष्टा आहे? नाक गळून पडतं. वारा सुटला की वर नेणारे पाळणेच बंद. धुकं आलं तर पुढचं माणूस दिसत नाही. बडोद्याच्या डिसेंबरात पहाटे कानटोपी घालून दूध आणायला जाणाऱ्या प्रतापरावांना हिमवादळाची इतकी माहिती असेल, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

येसूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "उत्तरायणाला तुमच्या मांज्याची फिरकी कोण धरणार, एवढंच ना?"

"तसं नाही गं..." प्रतापराव ताटात बघत म्हणाले. पण तसंच होतं. जानेवारीत बर्फ पडतो, थंडी पडते, दिवस लहान असतो. आणि जानेवारीत उत्तरायण असतं, पतंगांची संक्रांत, तेव्हा बडोद्याचा माणूस गच्ची सोडून मेला तरी हलत नाही.

"लग्न झाल्यापासून तुमच्यामागे उभी राहून फिरकी धरते आहे. पतंग तुमचा, कापणार तुम्ही, 'ए लपेट!' ओरडणार तुम्ही. सगळं गाव आकाश बघतं, मी तुमची पाठ बघते."

प्रतापरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग फार मोठं दान सोडावं तसं म्हणाले, "बरं, या वर्षी तू उडव. मी धरतो फिरकी."

"हे चार पावसाळ्यांआधी म्हणाला असतात तर ऐकलं असतं. आता मला पतंग नको. बर्फ हवाय."

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच रावपुऱ्यात गेल्या.

"जानेवारीमां तो ग्रुप ज नथी!" आनंदभाई हादरले. "उत्तरायणाला बडोद्यातून कोण हलतो, मासी?"

"मी हलते."

"पण हवामान खराब निघालं तर? मग म्हणाल, आनंदभाईनं फसवलं."

"मे महिन्यात बर्फ विकता, तेव्हा ही धास्ती कुठे असते?"

आनंदभाईंनी तिकिटं काढायला घेतली. या वेळी बोलताना ते येसूबाईंकडेच बघत होते.

आणि हवामान खराब निघालं. अगदी वेबसाइटवर लिहिलं होतं तसं. येसूबाई पोचल्या त्या रात्रीपासून जो बर्फ सुरू झाला तो थांबायचं नाव घेईना. वरचे पाळणे वाऱ्यानं बंद, डोंगर ढगात गडप. सैल झालेला बर्फ मुद्दाम खाली पाडायला लोक वर सुरुंग लावत, त्यांचे आवाज मात्र येत होते. उत्तरायणाच्या दिवशी गावालगतचा नवशिक्यांचा उतार तेवढा उघडा होता. तिथे एक तरुण शिक्षिका आणि येसूबाई, बाकी शुकशुकाट.

"टुमॉरो, मॅडम," शिक्षिका समजुतीनं म्हणाली. "टुमॉरो मे बी सन."

'उद्या' ऐकायची सवय येसूबाईंना दांडगी होती. "टुडे," त्या म्हणाल्या आणि पाय स्कीत अडकवले.

तेवढ्यात प्रतापरावांचा फोन आला. पडद्यावर गच्ची, ऊन, भोंग्यांचा गोंगाट.

"काय दिसतंय गं तिथं?"

"काही नाही. सगळं पांढरं."

"बघ!" प्रतापरावांना आनंद लपवता येईना. "बोललो होतो का नाही? इथं वारा बघ कसा सुटलाय! आता गुपचूप खोलीत जाऊन बस. ऊन पडलं की उद्या बघ."

"जानेवारीत इथं असंच असतं. वाचूनच आले आहे."

त्यांनी फोन तसाच चालू खिशात टाकला आणि शिक्षिकेनं दाखवला तसा गुडघा वाकवून सुटल्या. पुढे काही दिसत नव्हतं, मागे काही दिसत नव्हतं. तोंडावर बर्फ सपासप बसत होता. खिशातून "येसू! अगं ए येसू!" अशा हाका येत होत्या. उतार संपायच्या बराच आधी त्या आडव्या झाल्या, कमरेवर, चांगल्या जोरात.

शिक्षिका हात पुढे करून धावली. येसूबाईंनी तो हात बाजूला केला, एका कुशीवर वळल्या आणि आपल्या आपण उभ्या राहिल्या.

"लागलं का गं?" खिशातून बारीक आवाज आला.

"लागलं," त्या म्हणाल्या, आणि वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.