तिसरं सरण

देवाजी उंबऱ्यातच खाकरत उभा होता. आत येईना, परत जाईना. शकुबाईला हे खाकरणं पाठ होतं. लाज वाटण्यासारखं काही बोलायचं असलं की हा माणूस आधी घसा साफ करतो, जसा काही सगळा दोष घशाचाच.

"लगन उद्यावर आलं," तो म्हणाला.

"मले मालूम हाये. तुह्या पोरीले, वच्छलेले, वंदना मीच तर शिकवून राह्यली."

मग त्याने मनातलं गाठोडं सोडलं. जावई बल्लारपूरच्या कागद कारखान्यातला, त्याच्याकडची मंडळी मोठी. त्यांच्यासमोर शकुबाईने पुढे बसून 'बुद्धं सरणं, धम्मं सरणं' म्हणायचं? एक तर सरण, आणि तेही विधवेच्या तोंडून! लोकांना वाटेल, मांडवातच लाकडं रचली.

शकुबाईला हसू आलं. हे सरण म्हणजे आसरा, चितेचं लाकूड नव्हे, हे ती याच माणसाला दीक्षेपासून सांगत आली होती. चांद्याच्या मैदानात बुद्धाची दीक्षा घेताना हाच देवाजी ही तिन्ही सरणं बेंबीच्या देठापासून ओरडला होता. गावी येईपर्यंत सगळे विसरले. ती तेवढी भिक्खूंपाशी राहून वंदना कानाने शिकून आली. गावाने तिला गुरू केलं ते काही आदराने नव्हे. दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

"मंग म्हनल कोन?"

"तुमीच म्हना. आत, सयपाकखोलीत बसून. बाहेर आपला लच्छू बसंल. तो नुसतं तोंड हालवंल."

लच्छू म्हणजे देवाजीचा पुतण्या. मिशीला तेल लावण्यापलीकडे त्याने आयुष्यात कसला अभ्यास केलेला नव्हता.

वच्छलेचं लग्न मोडू नये म्हणून ती हो म्हणाली, आणि तिला स्वतःचीही शिसारी आली. देव नदीत सोडले यांनी, पण अपशकुन काही बुडाले नाहीत. ओल्या धोतराला चिकटून घरी आले. अंगावर पांढरे कपडे मिरवायचे आणि पांढऱ्या कपाळाला भ्यायचं! बुद्धाच्या आसऱ्याला जाणं सोपं, तो कोणाच्या दारात येऊन खाकरत नाही. धम्माचंही तसंच. अवघड ते तिसरं, संघाचं. संघ म्हणजे कोण? हा देवाजी. तो लच्छू. यांच्या आसऱ्याला जायचं!

दुसऱ्या दिवशी ती चुलीजवळ, कुडाच्या भिंतीमागे बसली. बाहेर लच्छू नव्या सदऱ्यात ताठ. पहिलं सरण गेलं. दुसरं गेलं. कुडाच्या फटीतून तिला लच्छूचं रवंथ करणारं तोंड दिसत होतं.

तिसरं तिच्या जिभेवर चढेचना.

तिने मुद्दाम काही केलं नाही. पण ज्यांना आपली सावली चालत नाही त्यांच्या आसऱ्याला जाते, असं तिला म्हणवेना. लच्छूला बिचाऱ्याला काय कळणार? त्याचे ओठ चालूच. आवाज नाही, नुसती फडफड. वऱ्हाडातलं कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसू मांडवभर झालं.

वच्छला उठली. तिच्याबरोबर नवरामुलगाही गोंधळून उठला.

"लच्छूदादा, बस झालं," ती म्हणाली. "माही गुरू आत हाये. लगनबी आतच होईल."

देवाजीने तिचा हात धरला. तिने तो शांतपणे सोडवला आणि ती आत गेली. नवऱ्यामुलाने एकदा बापाकडे, एकदा वच्छलेच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि तोही तिच्यामागे गेला. एवढा सजवलेला मांडव लच्छूचं तोंड बघत बसला.

आत तिघांना पुरेशी जागा नव्हती. शकुबाईने भाताचा गंज चुलीकडे सरकवला. दाराशी माना लांब करून गर्दी जमली. आत पाय टाकायला कोणी धजेना. शकुबाईने पुन्हा पहिल्या सरणापासून म्हणायला घेतलं.

"शकुबाई, जरा मोठ्यानं म्हना," देवाजी मागून म्हणाला. "पाहुन्याइले ऐकू येत नाई."

शकुबाईने पदर सारखा केला, पोरांना गुडघ्याशी ओढून घेतलं, आणि तिसऱ्या सरणाला आवाज इतका खाली आणला की दाराबाहेर त्यातलं एक अक्षर गेलं नाही.